कॅलिपरची जाम झालेली पिन : जोर नको, वेळ द्या

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत चार-पाच तरी एकाच दुखण्याच्या असतात. घर देवबागला नाहीतर तारकर्लीला, मालक मुंबईला, आणि गाडी मे महिन्यापासून माडाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी. चाकरमानी गावी येतो, बॅटरी चार्ज करून गाडी काढतो, बाजारात जाऊन येतो आणि घरी पोचेपर्यंत पुढच्या चाकातून जळका वास यायला लागतो.

गेल्या वर्षी अशीच एक लहान गाडी आली. चालवणारे आबा सत्तरीचे. उतरता उतरता म्हणाले, "अरे, गाडी उतारार पण धावना नाय. काय झालां ता बघ." मी डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर अंतरावरूनच हाताच्या पाठीला धग लागली. उजवं चाक नुसतं कोमट होतं. चाक खोललं तर आतल्या बाजूचा ब्रेक पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा अर्ध्याहून जास्त शिल्लक. एकाच चाकातले दोन पॅड असे सावत्र भावंडांसारखे दिसले की मी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनांकडेच आधी बघतो.

मालवण-कसाल रस्त्यावर माझं गॅरेज आहे, या कामात बावीस वर्षं झाली. समुद्र जवळ असल्यामुळे जाम पिना मी जितक्या काढल्यात तितक्या घाटावरच्या गॅरेजवाल्याला क्वचितच मिळत असतील. हे काम घरी, अंगणात करता येतं. पण ते चुकीच्या पद्धतीने केलेलं मी इतक्या वेळा निस्तरलंय की एकदा सगळं नीट लिहून काढावंसं वाटलं. यात तुमच्या घरातल्या माणसांचा जीव गुंतलेला आहे, म्हणून थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा.

आधी ती पिन करते काय ते समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन एकच, तोही आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं? सुताराकडचा सी-क्लॅम्प आठवा. स्क्रू आपण एकाच बाजूने आवळतो, पण फळी दोन्ही बाजूंनी दाबली जाते, कारण क्लॅम्पची चौकट उलट्या दिशेला ओढली जाते. कॅलिपरचं अगदी तेच. पिस्टन पुढे सरकतो तसा कॅलिपरचा सगळा देह मागे सरकतो आणि बाहेरच्या पॅडला डिस्कवर आणतो. हे सरकणं होतं बोटभर लांबीच्या दोन गुळगुळीत पिनांवर. पिना कॅरियरच्या, म्हणजे कॅलिपरला आधार देणाऱ्या पक्क्या चौकटीच्या, भोकात आत-बाहेर होतात आणि त्यांच्या तोंडाशी रबराचा बूट असतो, पाणी आत जाऊ नये म्हणून.

हे सरकणं फार थोडं असतं, पण तेच थांबलं तर बाहेरचा पॅड नावापुरता उरतो. ब्रेक दाबला की सगळा भार आतल्या पॅडवर. पाय उचलला तरी कॅलिपर मागे येत नाही, म्हणून पॅड डिस्कला घासत राहतो. ॲव्हरेज पडतं, गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते, चाक तापतं. आणि आपल्याकडे खरी भीती आहे ती घाटाची. फोंडा घाट उतरताना असं घासणारं चाक इतकं तापू शकतं की ब्रेक ऑइलला उकळी फुटावी. डब्यावर डॉट म्हणून ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. ताज्या डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू कमीत कमी 205 अंश असावा लागतो, डॉट 4 चा 230. पण ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि त्यात पाणी मुरलं की हेच आकडे 140 आणि 155 पर्यंत खाली येऊ शकतात. ऑइलची वाफ झाली की पेडल मऊ लागतं, खाली जातं, आणि समोर वळण असतं. म्हणून "नुसता थोडा वास येतो" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चावी परत देत नाही.

पिन जाम होते कशाने? बूट फाटतो किंवा त्याची कड खाचेतून निसटते, खारं पाणी आत जातं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पिन आणि भोक यांच्यात फट मुळातच केसाएवढी, ती गंजाने भरली की पिन पाचर मारल्यासारखी बसते. दुसरं कारण माणसाच्या हातचं आहे, चुकीचं ग्रीस. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण आबांच्या गाडीची एक पिन त्यानेच अडकली होती.

खोलण्याआधी दुखणं नक्की पिनचंच आहे ना, ते बघा. चाक उचलून कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना हाताने चाक फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो, पण दोन्ही हात लावून ढकलावं लागत असेल तर काहीतरी अडकलंय. आता ब्लीडिंग निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडला होता. म्हणजे कॅलिपरला ऑइल आणणारा रबरी होज आतून सुजलाय किंवा वर पेडलकडच्या मास्टर सिलिंडरमध्ये भानगड आहे, पिना निर्दोष आहेत. चाक तसंच घट्ट राहिलं तर पिना, पॅड किंवा पिस्टन. निपल लगेच बंद करा आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. पॅडही पुरावा देतात. आतला बाहेरच्यापेक्षा बराच झिजलेला असेल तर पिना. एकच पॅड एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड असा तिरका झिजला असेल तर दोनांपैकी एक पिन. दोन्ही पॅड सारखेच झिजलेत पण पलीकडच्या चाकापेक्षा खूप जास्त, तर पिस्टन किंवा होज. आणि मागची चाकं अडकली असतील तर लहान गाड्यांना तिथे बहुधा ड्रम असतात. हँडब्रेक ओढून गाडी पावसाळाभर उभी ठेवल्याने शू चिकटलेले असतात, ते काम निराळं.

लागणारी हत्यारं फार नाहीत. जॅक, जॅकस्टँड, चाकाचा पाना, 12 आणि 14 ची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पाना, पिन धरायला पातळ तोंडाचा 17 चा फिक्स पाना, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, एक सी-क्लॅम्प, बाइंडिंग तार, जुन्या कपड्याच्या चिंध्या, ब्रेक क्लीनरचा डबा, गंज सोडवायचा स्प्रे आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. काही युरोपियन गाड्यांच्या पिनांना 7 ची ॲलन की लागते, तिथे पिन कॅलिपरमधल्या रबरी बुशातून जाऊन कॅरियरमध्ये आवळलेली असते. रचना उलटी, पण साफ करण्याचं तत्त्व एकच. नवीन बूट आणि पॅडच्या स्टीलच्या क्लिपा आधीच आणून ठेवा. बुटांची किट पॅडच्या मानाने अगदी स्वस्त असते आणि जाम पिन सोडवताना जुने बूट बहुधा वाया जातातच.

गाडी सपाट जागी, फरशीवर किंवा टणक जमिनीवर घ्या. आमच्याकडच्या लाल मातीत पावसाळ्यात जॅक हळूहळू आत जातो, खाली जाड फळी टाका. पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे. नट जमिनीवरच थोडे सैल करून मग जॅक लावा. आणि जॅकस्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका. पाना रेटताना गाडी हलते. नुसत्या जॅकवरून सरकलेली गाडी मी डोळ्यांनी पाहिली आहे, सुदैवाने खाली तेव्हा कुणी नव्हतं. काढलेलं चाकही गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा, दुसरा आधार म्हणून.

चाक निघालं की कॅलिपरची पाठ तुमच्याकडे येईल अशा बाजूला स्टिअरिंग वळवा. काळी पूड फुंकू नका, हवेचा प्रेशरही मारू नका, ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने भिजवून चिंधीने पुसा. मग एक फोटो काढून ठेवा, क्लिपा कशा बसल्यात ते जोडताना आठवत नाही.

कॅलिपरच्या पाठीमागे दोन बोल्ट दिसतील. बोल्ट फिरवताना त्यामागची पिनसुद्धा फिरते, म्हणून पातळ फिक्स पान्याने पिन धरायची. बोल्टच्या उजव्या-डाव्या दिशेचा गोंधळ इथे हमखास होतो, कारण आपण पाठीमागून काम करतो. डोकं बोल्टाच्या समोर नेऊन बघा आणि मगच जोर लावा. पाना बोल्टाच्या डोक्यावर पूर्ण बसल्याशिवाय झटका नको, डोकं गोल झालं की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर लोंबकळत ठेवू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण होजच्या आतला पापुद्रा सुटतो आणि दोन महिन्यांनी तुम्ही दुसरंच दुखणं घेऊन येता.

पॅड काढताना ते खाचेतून सहज निघतात का ते पाहा. कधीकधी पिना ठीक असतात आणि क्लिपांखाली गंज फुगून पॅडच आवळलेले असतात. क्लिपा काढून खालचा गंज खरवडून धातू दिसेपर्यंत साफ करा.

आता पिना. अंगठा आणि बोटांत धरून आधी फिरवून बघा, मग ओढून. निरोगी पिन हाताने फिरते, हाताने सरकते. आबांच्या गाडीची खालची पिन हाताने हलेना, पान्याने मात्र जडपणे फिरली आणि हिसके देत बाहेर आली. तिला गंज नव्हताच. टोकाला असलेली रबरी नळी फुगली होती, रात्रभर भिजलेल्या वालासारखी टम्म आणि बोटाला चिकट. भोकात पिवळंतपकिरी ग्रीस खच्चून भरलेलं. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस मारलं होतं. माणूस प्रामाणिक असेल, पिनला ग्रीस लागतं एवढं त्याला माहीत होतं. पण ब्रेकमधलं रबर हे ब्रेक ऑइल सोसण्यासाठी बनवलेलं असतं, खनिज तेल त्याला सोसत नाही. साधं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांतलं काहीही लागलं की ते फुगतं. फुगलेली नळी भोकात बुचासारखी बसते, आणि वर ग्रीस जास्त असेल तर हवा कोंडून पिन आत जायलाच तयार होत नाही. खोबरेल लावलेल्या पिनाही मी काढल्यात. थोड्याच दिवसांत ते चिकट राळ होऊन बसतं.

वरची पिन मात्र अस्सल गंजलेली. बूट फाटका, आत लाल चिखल. अशी पिन सोडवायची युक्ती एकच, आधी फिरवायची, मग ओढायची. नुसती बाहेर ओढली, हातोडीने मागून ठोकली तर गंज एका जागी गोळा होऊन आणखी घट्ट पाचर बसते. फिरवली तर गंजाचा थर चिरडून पूड होतो.

बूट कापून काढून टाका. पिन आणि भोकाच्या फटीत गंज सोडवायचा स्प्रे मारा. पिनच्या डोक्यावर फिक्स पाना बसवून अगदी थोडं, घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं होतात तेवढंच, एका बाजूला दाबा, मग उलट. जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. पान्याला पाइप लावायचा मोह होतो, लावू नका. पिनच्या आत आट्यांचं भोक असतं, त्यामुळे तिची भिंत पातळ असते आणि ती पिळवटून तुटते. तुटलेली पिन म्हणजे नवा कॅरियर. हलली नाही तर हलक्या हातोडीने कॅरियरच्या कानावर, पिनवर नव्हे, चारी बाजूंनी टकटक करा, पुन्हा स्प्रे मारा आणि चहा घ्यायला जा. खरंच जा. तेल फटीत झिरपायला वेळ लागतो आणि हात शिवशिवत असले की चुका होतात. आबांची पिन संध्याकाळपर्यंत हलली नाही, मी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी दुसऱ्या की तिसऱ्या दाबाला "किर्र" असा बारीक आवाज आला आणि पाना जरासा पुढे गेला. त्या आवाजावर घाई करायची नाही. उलट फिरवा, पुन्हा पुढे, प्रत्येक वेळी थोडं जास्त. फटीतून विटेच्या रंगाची पूड तेलात कालवून बाहेर यायला लागते. ती पुसायची, नवं तेल सोडायचं. पिन पूर्ण गोल फिरायला लागली की मग फिरवत फिरवत ओढायची.

फिरते पण निघत नाही, असं झालं तर ओढायची एक सोय आहे. पिनच्या डोक्यावरून सैल जाईल अशी मोठी गोटी घ्या आणि कॅरियरला टेकवून ठेवा. गोटीच्या वर जाड वायसर, आणि त्यातून पिनच्या आट्यांत बसणारा लांब बोल्ट. बोल्ट आवळाल तशी पिन गोटीच्या पोकळीत वर चढते. अर्धा आटा आवळायचा, पिन फिरवायची, पुन्हा अर्धा. पिन फिरत नसताना हे केलंत तर आटे मरतील.

याही उपर नाही निघाली तर कॅरियरच गाडीवरून उतरवा. त्याचे दोन मोठे बोल्ट बहुधा 17 च्या गोटीने निघतात. कॅरियर व्हाईसमध्ये धरला की दोन्ही हात मोकळे होतात, निम्मं काम तिथेच सोपं होतं. शेवटचा उपाय आच. आच कॅरियरला द्यायची, पिनला नाही, म्हणजे भोक पसरतं. लाल करायचं कारण नाही, पाण्याचा थेंब चुरचुरून उडेल इतकं पुरे. तापवायचं, फिरवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा.

इथे एक गोष्ट कानात साठवून ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला आच देऊ नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, ती तापल्यावर फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. ज्यांत क्लोरीन नाही ते क्लीनर भसकन पेट घेतात. आच द्यायची वेळ येईलसं वाटलं तर क्लीनर वापरूच नका, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि उघड्यावर काम करा. स्प्रेचं तेलही पुसून घ्या. आणि कॅरियर गाडीवर असताना, शेजारी रबरी होज आणि ब्रेक ऑइल असताना, गॅसचा टॉर्च पेटवायचा नाही म्हणजे नाही.

पिन निघाली की ती उजेडात फिरवून बघा. नुसता डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने, पिनभोवती गोल फिरवत, हलक्या हाताने काढा. नखाला लागतील असे खड्डे असतील तर पिन फेका. खड्डे घासून गुळगुळीत केलेली पिन बारीक होते, मग कॅलिपर खडखडतो आणि पॅड तिरके झिजतात. पन्नास ठिकाणी घासून पिन वाचवणारे लोक मला भेटतात. नवी पिन मिळते हो, आणि ती महाग नाही.

भोक साफ करताना घाई नडते. मी बांबूच्या काडीला चीर पाडतो, तिच्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवून गुंडाळतो आणि भोकात हाताने फिरवतो. ड्रिल लावत नाही, भोक मोठं होतं. तळाशी साचलेला गंज आणि जुनं ग्रीस निघणं महत्त्वाचं, नाहीतर पिन पूर्ण आत बसत नाही. पांढरी चिंधी घालून फिरवा, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. शेवटी कोरडी पिन भोकात घालून बघा. ग्रीस नसतानाही ती स्वतःच्या वजनाने आत उतरायला हवी, रबरी नळीची असेल तर बोटाच्या हलक्या दाबाने. इथे अडखळली तर ग्रीस लावून ते झाकू नका, पुन्हा साफ करा.

दोन पिना दिसायला सारख्या असतात, पण पुष्कळ गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी नळी असते, दुसरी साधी. कुठली वर आणि कुठली खाली हे काढतानाच लिहून ठेवा. अदलाबदल झाली तर कॅलिपर वाकडा सरकतो.

ग्रीस ब्रेकचंच. ट्यूबवर सिलिकॉन आणि ब्रेकच्या रबराला चालेल असं लिहिलेलं असावं. पिनवर बोटाने पातळ थर, नळीला थोडं जास्त, भोकात मटाराच्या दाण्याएवढं. बुटाच्या आतल्या कडांना बोट फिरवायचं. बस. बुटाची एक कड कॅरियरच्या खाचेत आणि दुसरी पिनच्या खाचेत बसली का हे नखाने गोल फिरून तपासा. पिन पूर्ण आत दाबा आणि सोडा. स्प्रिंगसारखी परत बाहेर आली तर आत हवा किंवा ग्रीस कोंडलंय. बुटाची कड चिमटीत उचलून हवा जाऊ द्या, तरी परत येत असेल तर काढून ग्रीस कमी करा. बरोबर बसलेली पिन लोण्यातून सुरी जावी तशी संथ सरकते आणि ठेवाल तिथे राहते. आबा शेजारी स्टुलावर बसले होते, त्यांच्या हातात कॅरियर देऊन मी पिन हलवायला सांगितली. दोन बोटांनी आत-बाहेर करत ते बराच वेळ बसले होते.

पिस्टन मागे ढकलण्याआधी ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा, पातळी वर येते. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश आवळा. पिस्टनभोवतीचा बूट फाटका असेल, ऑइल झिरपत असेल किंवा पिस्टन हटतच नसेल तर इथे थांबा आणि जाणकाराकडे जा, ते पिनचं काम उरलेलं नाही.

पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम. पिनाही दोन्ही बाजूंच्या बघा, एका बाजूला जे झालं ते दुसऱ्या बाजूला व्हायच्या वाटेवर असतं. आबांच्या उजव्या चाकाच्या पिना हाताने फिरत होत्या, पण तिथेही तेच पिवळं ग्रीस होतं. आवळताना गाडीच्या पुस्तकातला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, पाहा. लहान गाड्यांना पिनचा बोल्ट साधारण 25 ते 35 न्यूटन मीटर असतो, कॅरियरचा 80 ते 110. म्हणजे पिनच्या बोल्टाला हाताचा बेताचा जोर पुरतो. सगळ्यात जास्त मेलेले आटे मी इथेच पाहतो.

चाक बसवलं, गाडी खाली घेतली, की चावी फिरवण्याआधी ब्रेक पेडल मारा. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिला पाय थेट तळाला जातो, तीन-चारदा मारल्यावर पेडल घट्ट होतं. हे विसरून गाडी अंगणातून काढणारा थेट गडग्यावर, दगडी कुंपणावर, जातो. टाकीतली पातळी बघून झाकण लावा. मग रिकाम्या रस्त्यावर वीस-तीसच्या वेगाने दोन-चार ब्रेक मारून बघा, पुढे दहा किलोमीटर फिरून या, शेवटचा भाग फार ब्रेक न मारता. उतरून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताची पाठ न्या. डिस्कला हात लावू नका. धग दोन्हीकडे सारखी हवी. दुसऱ्या दिवशी चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या.

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी हे काम वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर करावं. पिना काढून पुसून नवं ग्रीस, अर्धा दिवसही लागत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा. घरी कुणी असेल तर पंधरा दिवसांनी एकदा गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणायला सांगा, थोडे ब्रेक मारत. प्रेशरने धुताना पाण्याचा झोत कॅलिपरच्या पाठीवर धरू नका. आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेलीत तर घरी आल्यावर चाकांच्या आतून साध्या पाइपच्या गोड्या पाण्याने धुऊन एक फेरी मारून आणा, डिस्क कोरड्या होतील.

आबांच्या गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात मी ग्रीसची उरलेली ट्यूब आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे, पुढच्या वेळी गाडी कुणाच्याही हातात गेली तरी आत कुठलं ग्रीस आहे ते त्याला कळावं म्हणून.